मतपेटीतून फुटलेला पंथ : सदर्न बॅप्टिस्टांची गोष्ट

जून १९८८. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहर. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे वार्षिक अधिवेशन चालू असतानाच प्रतिनिधींचा एक जथा बाहेर पडला आणि आलामोच्या दिशेने चालू लागला. आलामो म्हणजे १८३६ मध्ये मेक्सिकन सैन्याच्या वेढ्यात टेक्सासचे बंडखोर जिथे लढता लढता मारले गेले, ती जुनी मिशनची वास्तू. तिथे पोहोचल्यावर रँडल लॉली यांनी हातातला कागद फाडला. एका सेमिनरीचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणसंस्थेचे, अध्यक्षपद त्यांनी काही महिन्यांपूर्वीच सोडायचे ठरवले होते.

फाडलेला कागद म्हणजे अधिवेशनाने नुकताच बहुमताने संमत केलेला ठराव. पराभूतांनी निषेध नोंदवण्यासाठी पराभवाचेच स्मारक शोधावे, हा योगायोग त्या दिवशी किती जणांच्या लक्षात आला असेल कोण जाणे.

त्या कागदापर्यंत हा पंथ कसा पोहोचला आणि तिथून पुढे काय झाले, याचा हा थ्रेड. लांब आहे, सावकाश वाचावा.

ठरावाचा विषय होता 'सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण'. शब्द जड आहे, अर्थ सोपा. देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नाही. प्रत्येक विश्वासणारा स्वतःच स्वतःचा याजक. पवित्र शास्त्र उघडून वाचण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार शेतमजुरालाही आहे आणि प्राध्यापकालाही. बॅप्टिस्ट परंपरेचा हा कणा. १९८८ च्या ठरावाने हे तत्त्व नाकारले नाही, त्याला कुंपण घातले. या तत्त्वाचा आधार घेऊन वाटेल ते मानता येणार नाही आणि पाळकाच्या अधिकारालाही त्याने बाध येत नाही, असा त्याचा आशय होता. परंपरानिष्ठांना हे कुंपण साधे शहाणपण वाटले. लॉली आणि त्यांच्या सोबत्यांना वाटले की घराचा कणाच काढून घेतला.

हे भांडण समजण्यासाठी आधी बॅप्टिस्ट म्हणजे काय हे पाहायला हवे, आणि त्यासाठी १६०९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला जावे लागते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून तिथे आश्रयाला आलेल्या एका लहान गटाने, जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस यांच्या नेतृत्वाखाली, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा अमान्य ठरवला. ज्याने जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली दिली, त्यालाच बाप्तिस्मा. वरवर पाहता हा एका विधीचा वाद आहे. पण माणूस जन्माने ख्रिस्ती ठरत नसेल, तर राज्याच्या हद्दीत जन्मलेला प्रत्येक जण राजाच्या चर्चचा सभासद आहे, हा युरोपचा शेकडो वर्षांचा हिशेबच चुकतो.

हेल्विस यांनी तो हिशेब उघडपणे मांडला. १६१२ च्या सुमारास लंडनला परतून त्यांनी एक पुस्तक काढले. राजा हा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, आणि हे स्वातंत्र्य पाखंडी, ज्यू, मुसलमान अशा सर्वांना लागू आहे, असा त्याचा युक्तिवाद. राजा जेम्सने त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात टाकले. १६१६ च्या आसपास ते तिथेच वारले.

म्हणून या पंथात बिशप नाही, पोप नाही, वरून आदेश देणारे पीठ नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. पाळक तीच नेमते, तीच काढते, पैसा तीच सांभाळते. अनेक मंडळ्या एकत्र येऊन अधिवेशन भरवतात खऱ्या, पण तिथे जाणाऱ्यांना अमेरिकेतले बॅप्टिस्ट 'डेलिगेट' म्हणत नाहीत; 'मेसेंजर' म्हणतात. प्रतिनिधीच्या मताने मूळ संस्था बांधली जाते. मेसेंजर हा नुसता निरोप्या. घरी परतल्यावर त्याच्या मंडळीने तो निरोप ऐकावा किंवा ऐकू नये. शब्दांच्या निवडीतसुद्धा सत्तेविषयी इतका संशय बाळगणारा हा पंथ आहे.

अमेरिकी बॅप्टिस्टांची देशव्यापी संघटना उभी राहिली त्यामागे कलकत्ता आहे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. १८१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी आपले पहिले मिशनरी हिंदुस्थानात धाडले. त्यांतले अ‍ॅडोनायरम जडसन जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसले, कारण उतरल्यावर श्रीरामपूरच्या इंग्रज बॅप्टिस्टांशी गाठ पडणार होती. त्यांच्यापैकी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने ते मराठीची कामे करत होते. जडसन यांचा अभ्यास उलटाच फळला. कलकत्त्यात पोहोचेपर्यंत त्यांचे मत बदलले आणि सप्टेंबर १८१२ मध्ये त्यांनी श्रीरामपूरच्या विल्यम वॉर्ड यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ लूथर राइस यांनीही घेतला. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र जुन्या मतावर राहिले, १८१३ मध्ये मुंबईला आले, आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. नगर जिल्ह्यातल्या ज्या ख्रिस्ती परंपरेशी रेव्हरंड टिळकांचे नाव जोडलेले आहे, तिचे मूळ या न बदललेल्या दोघांपाशी पोहोचते.

राइस अमेरिकेत परतले. जडसन ब्रह्मदेशात, पाठीशी पैसा नाही. मग १८१४ मध्ये फिलाडेल्फियात बॅप्टिस्टांनी एक राष्ट्रीय मिशन-संघटना स्थापली. ती एकसंध राहिली अवघी एकतीस वर्षे.

ती फुटली गुलामगिरीवरून. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमायचे का, हा प्रश्न दक्षिणेतल्या मंडळ्यांनी मुद्दाम पुढे रेटला. उत्तर नकारार्थी आले, तेव्हा मे १८४५ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. तीच सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. या जन्मकथेबद्दल तिने औपचारिक माफी मागितली ती दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये. विसाव्या शतकातल्या भांडणात दोन्ही बाजू पवित्र शास्त्राच्या अधिकाराविषयी तावातावाने बोलत होत्या, तेव्हा हा जन्म दोघींच्याही मागे उभा होता. १८४५ मध्ये गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांनीही शास्त्रवचनेच पुढे केली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवा प्रश्न आला. जर्मन विद्यापीठांत बायबलचा अभ्यास इतर प्राचीन ग्रंथांसारखा होऊ लागला. कोणता भाग कधी लिहिला गेला, किती हातांनी, कोणत्या परंपरा जोडून? दक्षिणेच्या बॅप्टिस्टांची पहिली सेमिनरी लुइव्हिल शहरात होती. तिथले जुन्या कराराचे प्राध्यापक क्रॉफर्ड टॉय या पद्धतीने शिकवू लागले आणि १८७९ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांना निरोप देताना सेमिनरीचे प्रमुख जेम्स बॉइस यांनी मिठी मारली, आणि पाच वर्षांपूर्वीचे दिवस परत येणार असतील तर आपला हा हात तोडून देईन अशा अर्थाचे काही म्हणाले, असे त्यांच्या सहकाऱ्याने नोंदवले आहे. टॉय हार्वर्डला गेले. पुढच्या शंभर वर्षांत इतक्या मायेने कुणालाही काढले गेले नाही.

इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पर्जन यांनी उलट दिशेने दार लोटले. त्या काळातले ते सर्वांत गाजलेले प्रवचनकार. आपल्या संघात उदार मते शिरत आहेत आणि संघ कोणताही पक्का विश्वासनामा स्वीकारत नाही, म्हणून १८८७ मध्ये ते बॅप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडले. अमेरिकेच्या उत्तरेकडे १९२२ मध्ये हाच वाद मताला टाकला गेला. परंपरानिष्ठांनी विश्वासनामा मांडला; त्यावर उपसूचना आली की नवा करार एवढाच आमचा आधार पुरेसा आहे. ही उपसूचना १,२६४ विरुद्ध ६३७ मतांनी संमत झाली. तिच्याविरुद्ध कोणता बॅप्टिस्ट बोलणार? नव्या कराराला नको कसे म्हणायचे? उदार पक्षाची ही खेळी चलाख होती. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्दही याच धुमश्चक्रीतला. १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने तो आपल्या बाजूच्या लोकांसाठी अभिमानाने घडवला होता. आज त्याचे काय झाले आहे ते सांगायला नको.

उत्तरेत परंपरानिष्ठ हरले आणि हळूहळू फुटून बाहेर पडत राहिले. दक्षिणेत साठ वर्षांनी नेमके उलटे घडले. ते का, हाच या गोष्टीचा गाभा.

१९६१ मध्ये कॅन्सस सिटीतल्या सेमिनरीचे प्राध्यापक राल्फ एलियट यांचे उत्पत्तीच्या पुस्तकावरचे विवेचन कन्व्हेन्शनच्याच प्रकाशनाने काढले. आदाम, जलप्रलय यांच्या कथांकडे शब्दशः इतिहास म्हणून न पाहणारे ते पुस्तक होते. गदारोळ झाला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढणार नाही असे आश्वासन एलियट देईनात, तेव्हा १९६२ मध्ये त्यांना काढण्यात आले. १९६३ मध्ये अधिवेशनाने विश्वासनाम्याची सुधारित आवृत्ती संमत करून वादावर पांघरूण घातले. पण मंडळ्यांमध्ये शंका राहिलीच. सेमिनरीत नक्की शिकवतात तरी काय?

मार्च १९६७. न्यू ऑर्लीन्समधील कॅफे दु मोंद. साखर भुरभुरलेले बेन्ये आणि चिकोरीची कॉफी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जागी ह्यूस्टनचे वकील आणि पुढे न्यायाधीश झालेले पॉल प्रेसलर, सेमिनरीत शिकत असलेले तरुण पेज पॅटरसन यांना भेटले. कन्व्हेन्शन उदारमताकडे घसरते आहे यावर दोघांचे एकमत होते. पुढच्या काळात त्यांना जे हाती लागले ते धर्मशास्त्र नव्हते. ती एक नियमावली होती.

तिचा सारांश असा. कन्व्हेन्शनचा अध्यक्ष दरवर्षी साध्या बहुमताने निवडला जातो. पद बहुतांशी शोभेचे मानले जाई. पण अध्यक्ष एक समिती नेमतो. ती समिती दुसऱ्या एका समितीची नावे सुचवते. ती दुसरी समिती सहा सेमिनऱ्या, परदेशी मिशन मंडळ, प्रकाशनसंस्था अशा सर्व संस्थांच्या विश्वस्तांची नावे सुचवते. अधिवेशन ती नावे सहसा तशीच मान्य करते. विश्वस्तांच्या मुदती टप्प्याटप्प्याने संपतात. म्हणजे एकाच विचाराचे अध्यक्ष लागोपाठ दहाएक वर्षे निवडून आणले, तर प्रत्येक संस्थेचे विश्वस्त मंडळ बदलते. मग संस्थाप्रमुख बदलतो. मग प्राध्यापक.

सहकारी साखर कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनेल कसे उभे राहते आणि वार्षिक सभेला कुठल्या गावाहून किती गाड्या येतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. ज्या पंथाने चारशे वर्षे सत्ता एका हातात जाऊ नये म्हणून काळजी घेतली, त्याच्या घटनेत सत्तेची एक बारीक नळी शिल्लक होती. ती सापडायला एक वकील लागला. १९८० मध्ये प्रेसलर जाहीरपणे म्हणाले की आजवर आपल्या लोकांनी भलत्याच लढाया लढल्या, आता थेट नरडी धरायची आहे. आणि नरडी म्हणजे विश्वस्त. शब्द पाळकांना शोभणारे नव्हते, पण प्रेसलर पाळक नव्हतेच.

१९७९ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात मेम्फिसचे पाळक एड्रियन रॉजर्स पहिल्याच फेरीत ५१.३६ टक्के मते घेऊन अध्यक्ष झाले. तिथून पुढे ही साखळी एकदाही तुटली नाही.

विरोधी बाजू स्वतःला 'मॉडरेट' म्हणवत असे. मराठीत 'मवाळ' हा तयार शब्द आहे आणि सुरतेच्या १९०७ च्या काँग्रेसची आठवणही होते. पण साम्य ताणू नये. सुरतेला मांडव मोडला आणि जहाल बाहेर पडले. इथे कुणी खुर्च्या फेकल्या नाहीत. दरवर्षी रीतसर मतदान झाले आणि मवाळ हरत राहिले, काही वेळा थोडक्यात. ते उशिराही जागे झाले. उत्तर कॅरोलायनाचे पाळक सेसिल शर्मन यांनी सप्टेंबर १९८० मध्ये काही सहकाऱ्यांना टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला बोलावून प्रतिकाराची आखणी केली, तेव्हाही पुष्कळांना वाटत होते की लंबक आपोआप परतेल.

न्याय्य राहायचे तर परंपरानिष्ठांची तक्रार नीट ऐकायला हवी. बहुतेक लोकप्रिय वर्णनांत ती हास्यास्पद करून सांगितली जाते आणि तिथेच ती वर्णने फसतात. १९२५ पासून कन्व्हेन्शनचा पैसा एका सामायिक योजनेतून येत होता. अलाबामातल्या लहान मंडळीत रविवारी दानपात्रात पडलेल्या डॉलरचा एक वाटा राज्यपातळीवरून पुढे सेमिनरीपर्यंत जाई. दान देणारी विधवा आणि शेतकरी यांचा विश्वास होता की लाल समुद्र खरोखर दुभंगला. त्यांच्याच पैशावर पगार घेणारा प्राध्यापक त्यांच्याच मुलाला सांगे की ती एक परंपरागत कथा आहे. हा मुलगा पाळक होऊन परत त्याच मंडळीत येणार. मग आम्हाला विचारायचे नाही का? पांडित्याचे स्वातंत्र्य मान्य, पण त्याचा खर्च आम्हीच का उचलायचा? या प्रश्नाला मवाळांकडे कधीच समाधानकारक उत्तर नव्हते. त्यांतले बरेच जण स्वतः चांगलेच सनातनी होते. येशूचे पुनरुत्थान, चमत्कार, सगळे मानणारे. शास्त्राच्या 'निर्दोषते'ची विशिष्ट व्याख्या नोकरीची अट करण्याला त्यांचा विरोध होता. विश्वासनाम्यावर सक्तीने सही घेणे म्हणजे हेल्विसना तुरुंगात टाकणाऱ्यांची रीत, असे ते म्हणत.

एका बाजूला मंडळीचा हक्क होता आणि दुसऱ्या बाजूला माणसाच्या सदसद्विवेकाचा. दोन्ही वारसे एकाच तुरुंगातून निघालेले होते.

१९८५ मध्ये डलासला ४५,५१९ मेसेंजर जमले. एवढे अधिवेशन त्याआधी झाले नाही, नंतरही झाले नाही. अटलांटाचे टीव्हीवरचे प्रसिद्ध पाळक चार्ल्स स्टॅनली पंचावन्न टक्के मतांनी जिंकले. शांतता समिती नेमली गेली आणि १९८७ मध्ये तिचा अहवाल आला. बहुसंख्य सदर्न बॅप्टिस्ट आदाम-हव्वा या खऱ्या व्यक्ती मानतात, चमत्कार खरोखर घडले असे मानतात, तेव्हा संस्थांनी हा विश्वास बाळगणारेच लोक नेमावेत, असा त्याचा रोख होता. समितीच्या नावातली शांतता तिथेच संपली. १९८८ मध्ये सॅन अँटोनिओला जेरी व्हाइन्स ५०.५३ टक्क्यांवर निवडून आले. फरक सातशे मतांहूनही कमी. आलामोकडे चालत गेलेल्यांच्या मनात हा आकडा असणार. आणखी सात बसगाड्या आल्या असत्या तर?

१९९० मध्ये न्यू ऑर्लीन्सला फरक वाढला आणि मवाळांनी नाद सोडला. त्या विजयानंतर प्रेसलर आणि पॅटरसन पुन्हा कॅफे दु मोंदला गेले. तेवीस वर्षांनी.

या काळात माणसांचे काय झाले ते मतांच्या आकड्यांत दिसत नाही. जुलै १९९० मध्ये कन्व्हेन्शनच्या वृत्तसंस्थेच्या दोन संपादकांना बंद दारामागच्या बैठकीत काढले गेले आणि दाराशी सशस्त्र पहारा होता. मार्च १९९४ मध्ये फोर्ट वर्थच्या सेमिनरीचे अध्यक्ष रसेल डिल्डे यांना विश्वस्तांनी २६ विरुद्ध ७ मतांनी तडकाफडकी पदच्युत केले. ते कार्यालयाकडे गेले तोवर कुलूप बदललेले होते. डिल्डे उदारमतवादी नव्हते. त्यांचा दोष एवढाच की या मोहिमेवर ते उघड टीका करत. धर्मशास्त्राची लढाई म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठल्या तरी टप्प्यावर निष्ठेची लढाई झाली, आणि तो टप्पा १९९४ च्या बराच आधी ओलांडला गेला होता.

मवाळांनीही नियमावली वाचायला शिकले होते. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे विश्वस्त राज्याचे बॅप्टिस्ट अधिवेशन निवडत असे. १९९० मध्ये विद्यापीठाच्या मंडळाने आपली सनदच बदलली आणि बहुतांश विश्वस्त स्वतःच निवडण्याची सोय करून घेतली. मंडळ्यांच्या मताला वळसा घालून संस्था वाचवली गेली. हे बॅप्टिस्ट तत्त्वात बसते का, असे विचारणाऱ्या मवाळांची संख्या फार नव्हती.

स्त्रियांचा प्रश्न या सर्वातून वाहत राहिला आणि अखेर तोच सीमारेषा झाला. १९६४ मध्ये उत्तर कॅरोलायनातील डरॅम येथे एका सदर्न बॅप्टिस्ट मंडळीने अ‍ॅडी डेव्हिस यांना पाळकपदाची दीक्षा दिली. त्या पंथातल्या पहिल्या. १९८४ मध्ये अधिवेशनाने अशा दीक्षेविरुद्ध ठराव केला आणि कारण दिले की पतनात हव्वा पहिली होती. लुइव्हिलच्या सेमिनरीतला एक विद्यार्थी तेव्हा या ठरावाच्या विरोधात उभा राहिला. त्याचे नाव अल्बर्ट मोहलर. हेच मोहलर १९९३ मध्ये, तेहतीस वर्षांचे असताना, त्याच सेमिनरीचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात मत बदलल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत तिथला बहुतेक प्राध्यापकवर्ग बदलला. पक्षांच्या सरकण्याच्या गोष्टीत माणसे सरकतात हे विसरू नये, आणि प्रत्येक सरकणे संधिसाधू नसते.

सरकण्याचे दुसरे उदाहरण गर्भपाताचे. १९७१ मध्ये याच कन्व्हेन्शनने बलात्कार, गर्भातील गंभीर विकृती, मातेच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताची कायदेशीर मुभा असावी असा ठराव केला होता. दहा वर्षांत भूमिका पूर्ण फिरली. आपण पुरातन विश्वासाकडे परतत आहोत असे म्हणणाऱ्या चळवळीने इथे निदान दहा वर्षांपूर्वीचे स्वतःचेच मत पुसले.

१९९८ मध्ये विश्वासनाम्यात पत्नीने पतीच्या अधीन राहावे हे कलम आले. २००० मध्ये ऑरलँडोला नवा विश्वासनामा संमत झाला आणि पाळकाचे पद पुरुषांपुरते राखले गेले. शास्त्राचा अर्थ येशू ख्रिस्ताच्या निकषावर लावावा, हे १९६३ मधले वाक्य त्यातून वगळले होते. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आयुष्यभर सदर्न बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत शिकवणारे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी कन्व्हेन्शनशी नाते तोडल्याचे जाहीर केले. आपल्या मंडळीत ते शिकवत राहिले. बॅप्टिस्ट पंथात हे शक्य असते.

या वीस वर्षांना काय म्हणायचे? जिंकलेले 'परंपरेचे पुनरुत्थान' म्हणतात, हरलेले 'मूलतत्त्ववाद्यांचा कब्जा'. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कुणाचे पुस्तक हाती घेतले आहे हे पहिल्या पानावरच्या या शब्दावरून कळते. दोन्ही शब्दांत तथ्य आहे. सामान्य मंडळ्यांतल्या बहुसंख्यांची श्रद्धा संस्थांच्या श्रद्धेपेक्षा परंपरानिष्ठ होती, म्हणून पुनरुत्थान. ५१ टक्क्यांच्या बळावर उरलेल्या ४९ टक्क्यांना एकही खुर्ची ठेवली नाही, म्हणून कब्जा.

मवाळांनी १९९१ मध्ये कोऑपरेटिव्ह बॅप्टिस्ट फेलोशिप स्थापली. ती मूळ कन्व्हेन्शनच्या तुलनेत लहानच राहिली. तिथेही प्रश्न संपले नाहीत. समलिंगी व्यक्तींना नोकरीवर घ्यायचे की नाही यावर वाद झाला आणि २०१८ मध्ये काही पदांवरची बंदी उठवून, वरिष्ठ आणि मिशनवरच्या पदांसाठी ती ठेवण्यात आली. दोन्ही टोकांचे लोक नाराज झाले. आपल्या दानाच्या पैशावर कोण काम करील हे विचारण्याचा हक्क आता मवाळ मंडळ्याही बजावत होत्या.

मूळ कन्व्हेन्शन २००४ मध्ये जागतिक बॅप्टिस्ट संघातून बाहेर पडली. २००६ मध्ये तिची सभासदसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या शिखरावर होती. तिथून ती दरवर्षी घटत २०२३ पर्यंत १ कोटी ३० लाखांच्या खाली आली. उदारमत शिरल्यामुळे चर्च रिकामी होतात, हा चळवळीचा एक आवडता युक्तिवाद होता. तो पुढे फारसा ऐकू आला नाही.

मग २०२२ चा अहवाल आला. चर्चमधील लैंगिक अत्याचारांविषयी स्वतंत्र चौकशी झाली. पीडितांनी वर्षानुवर्षे केलेल्या तक्रारी वरिष्ठांनी टाळल्या, आणि आरोपींची सातशेहून अधिक नावे असलेली यादी मुख्यालयात गुपचूप राखली जात होती, हे बाहेर आले. काही केले का नाही, या प्रश्नावर वर्षानुवर्षे एक उत्तर तयार असे : प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्हाला तिच्यावर अधिकार नाही. हेल्विसचे तत्त्व. प्राध्यापकांच्या बाबतीत, वृत्तसंस्थेच्या बाबतीत, मिशनऱ्यांकडून विश्वासनाम्यावर सह्या घेताना ज्याची अडचण वाटली नव्हती, ते इथे आठवले. या सबंध गोष्टीत याहून कडू प्रसंग नाही.

जून २०२३. पुन्हा न्यू ऑर्लीन्स, कॅफे दु मोंदचे शहर. स्त्रियांना पाळकपद दिल्याबद्दल दोन मंडळ्यांना बाहेर काढले होते. त्यांची अपिले सभेपुढे होती. एक कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक, देशातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी. तिची बाजू मांडायला तिचे संस्थापक रिक वॉरन स्वतः उभे राहिले. १,२१२ मते त्यांच्या बाजूने, ९,४३७ विरुद्ध. दुसरी लुइव्हिलची फर्न क्रीक, टॉय यांना जिथून निरोप दिला गेला त्याच शहरातली. तिची स्त्री पाळक तीस वर्षे तिथे सेवा करत होती आणि त्या तीस वर्षांत वरून कुणी विचारले नव्हते. तिला ८०६ मते पडली, विरुद्ध ९,७००. मेसेंजर निरोप घेऊन आपापल्या गावी परतले. पुढच्या रविवारी फर्न क्रीकमध्ये प्रवचन तिनेच द्यायचे होते. ते कोण देणार हे ठरवायचा अधिकार अजूनही फक्त फर्न क्रीकलाच होता.